आखरीचं जाळं

जिंजा, युगांडा
१२ ऑगस्ट २००१

प्रिय वच्छलाबाईस,
धाकट्या मावसबहिणीचा नमस्कार.

तुझं पत्र आल्याशिवाय मी लिहायचं नाही आणि माझं आल्याशिवाय तू, असा आपला वर्षभराचा अबोला झाला. या वेळी मीच हार मानते, कारण अडलंय माझं.

इथं आता वर्ष झालं. श्रावणराव बल्लारपूरला मशीनवर होते तसेच इथल्या कागदाच्या कारखान्यातही मशीनवरच आहेत. ते सकाळी गेले की मी क्वार्टरात एकटी. लेकरूबाळ नाही, शेजारीण गुजराती, ती दिवसभर दुकानात. पहिले सहा महिने भिंतीशी बोलले. मग एक दिवस तळ्याच्या काठी गेले. तळं कसलं, बाई, समुद्रच. पलीकडचा काठ दिसत नाही. पण काठावर पाऊल ठेवलं आणि तो वास आला, वाळत्या मासोळीचा. मी तिथंच वाळूत बसले आणि रडले. आपण ढिवराच्या लेकी, दुसऱ्यांना नाक दाबावं लागतं तिथं आपल्याला माहेर आठवतं.

तिथं एक बाई भेटली, नाकातो. जुळ्यांतली धाकटी म्हणून तिचं हे नाव. माझ्याच वयाची, विधवा, मेलेल्या बहिणीची लेकरं सांभाळते. माझं रडणं पाहून तिनं विचारलं नाही की काय झालं, नुसती पाण्याची बाटली पुढे केली. आता आमची मैत्री आहे. तिची मोडकी इंग्रजी आणि माझी मोडकी इंग्रजी एकमेकींना चांगल्या कळतात.

तर काम असं. इथं चांदीसारखी बारीक मासोळी मिळते, मुकेने म्हणतात. ती वाळूवरच पसरून वाळवतात, मग खाताना दाताखाली कचकच. बहुतेक ती कोंबड्यांच्या खाद्याला जाते. नाकातो आणि चर्चच्या ओसरीवर जमणाऱ्या आणखी सात-आठ बायांना धंदा काढायचा आहे. मी सहज म्हणून गेले की माझी बहीण पंधरा वर्षांपासून वडशाच्या बाजारात वाळली मासोळी विकते, तिच्या मालात वाळूचा कण सापडत नाही. तेव्हापासून सगळ्या माझ्या मागे लागल्यात, 'तुझ्या बहिणीला विचार.' म्हणून विचारते. काय सांगू त्यांना?

तुझी,
पूर्णा


पिपरबोडी, मुक्काम वडशाजवळ
२० सप्टेंबर २००१

पूर्णास आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमननं तलावाच्या पाळीवर, आम्ही मासोळी निवडत बसतो त्या बांधावर, आणून दिलं. तिकिटावर भलामोठा पक्षी पाहून सगळ्या बाया गोळा झाल्या. इंदुताई म्हणाली, "आफ्रिकेच्या बाया वच्छलाले सल्ला मांगून राह्यल्या वो!" आणि दिवसभर मला 'मास्तरीण' म्हणून हाका मारत होत्या. तू माझी अशी फजिती केलीस.

इथून सांगायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पण विचारलंच आहेस तर ऐक.

जमिनीवर काही वाळवायचं नाही. बांबूचं मचाण बांधायचं, कमरेइतकं, आणि वर जुनं जाळं ताणायचं. वरून ऊन, खालून वारा. ढग आले की दोघींनी धरून जाळ्यासकट गुंडाळून आत न्यायचं. भिजलेला एक वाटा वाळलेल्या मालात मिसळला की पूर्ण माल गेला, तेव्हा तिथं कंजूषपणा करायचा नाही, फेकून द्यायचं.

बाजारात एकटीनं बसायचं नाही. ओळीनं बसायचं आणि सगळ्यांनी एकच भाव सांगायचा. गिऱ्हाईक हुशार असतं, ते जावा-जावांत भांडण लावतं. आणि जागा एकदा धरली की सोडायची नाही. माल नसला तरी बाजाराच्या दिवशी जाऊन रिकाम्या पोत्यावर बसायचं. मागच्या वर्षी मला ताप होता तेव्हा तुझ्या भाऊजीला, लटारूला, बसवलं होतं माझ्या जागेवर. बिचारा पुरुषमाणूस, बायांच्या ओळीत मान खाली घालून बसला, पण बसला.

पैसा ज्या बाईनं कमावला तिच्याच कमरेला राहू दे. दीर मागतो, भाऊ मागतो, लगेच परत देतो म्हणतो. नाकातोला सांग, पुरुष मेला म्हणून मागणारे मरत नाहीत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. पहिला माल विकायचा नाही. आपण करतो तसं करायचं. घरोघरी पसाभर वाटायचा, पाटलाला तसाच आणि पाय नसलेल्या म्हातारीलाही तसाच. ज्यानं आपलं खाल्लं तो बाजारात आपल्या मालाला नावं ठेवत नाही. माझ्या सासूनं केलं, मी केलं, आणि दुसऱ्या आठवड्यात लोक स्वतः टोपलीशी येऊन उभे राहिले.

भिऊ नको म्हणावं तिला. मी पहिल्यांदा बसले तेव्हा तोंडातून आवाज निघत नव्हता. आता आवाज ऐकून बस थांबते.

तुझी बाई


जिंजा
१८ नोव्हेंबर २००१

प्रिय बाई,

तुझं पत्र मी ओसरीवर वाक्यावाक्यानं सांगितलं. 'मागणारे मरत नाहीत' म्हटल्यावर इतक्या हसल्या, की चर्चचा फादर बाहेर येऊन पाहून गेला.

मचाणं झाली. बांबूऐवजी इथं निलगिरीच्या फांद्या मिळाल्या. ताणायच्या जाळीसाठी नाकातोनं आपलं शिलाई मशीन विकलं. मी नको नको म्हणत होते. ती म्हणाली, "मशीनवर मी दुसऱ्यांचे कपडे शिवते. हे माझं आहे." माल असा झालाय, बाई, की हातात घेतला की खुळखुळतो. वाळूचा कण नाही.

तिनं मला विचारलं की तुझ्या बहिणीला मासोळी कोण देतं. मी सांगितलं, मोठी मासोळी पुरुषांच्या सोसायटीची, पण उन्हाळ्यात तलाव आटत आला की शेवटचं, आखरीचं जाळं ओढतात ते गावच्या बायांचं. त्यातली बारीक मासोळी, झिंगे, सगळं बायांचं, कोणी भाव करत नाही, कोणी अडवत नाही. ते वाळवायचं आणि वर्षभर विकायचं. नाकातो म्हणाली, "हा हक्क तुम्हाला दिला कोणी?" मी म्हटलं, दिला कोणी नाही, आहेच. तिला ते काही पटलं नाही. इथं प्रत्येक नावेला मालक आहे आणि प्रत्येक टोपलीला भाव.

पुढच्या रविवारी पहिला माल वाटणार आहेत. नावाड्यांना, काठावरच्या झोपड्यांत, फादरला, सगळ्यांना. एका बाईनं कुरकुर केली, पण नाकातो म्हणाली, पंधरा वर्षं जी बाजारात बसली तिचं ऐकायचं.

तुझ्या नावाचा इथं असा मान आहे.

पूर्णा


पिपरबोडी
९ जानेवारी २००२

पूर्णास,

हाताला बळ नाही तरी लिहिते. लटारू गेला. दिवाळीच्या पाडव्यानंतर डोळे पिवळे झाले. आधी गावातलं औषध घेतलं, मग वडशाला नेलं, मग गडचिरोलीला. तिथून घरी आणलं ते झाकूनच. तुला तार करणार होते, पण तू तिथून काय करणार होतीस, उगीच रडली असतीस.

घरात आता मी आणि माझा आवाज. चूल पेटवली काय, न पेटवली काय. तेराव्यानंतर इंदुताईनं हाताला धरून पाळीवर नेलं. म्हणाली, "घरात बसून मरशीन त उद्या तुही जागा दुसरी घेईन. उठ." म्हणून बाजारात जाते.

एक गोष्ट मात्र सांगते. पाळीवर बसलो की बाया विचारतात, त्या आफ्रिकेच्या बाईचं काय झालं? त्यांनी तिला पाहिलं नाही, नाव धड घेता येत नाही, तरी विचारतात. मला पण त्या वेळेपुरतं बरं वाटतं. इथं माझ्या हातून काही राहिलं नाही, तिथं तरी काही उभं राहिलं असेल. पहिला माल वाटला का? लोक आले का टोपलीशी?

आणि ते नावाडी कुरकुरत नाहीत ना? पुरुषाचा भरवसा चांगल्या दिवसापुरता. त्यांच्याकडून काही पक्कं करून घ्या म्हणावं.

लवकर लिही. या वेळी अबोला धरू नको.

बाई


जिंजा
१० फेब्रुवारी २००२

प्रिय बाई,

भाऊजी गेल्याचं वाचून दोन दिवस चूल पेटवली नाही. बायांच्या ओळीत मान खाली घालून बसलेले तेच डोळ्यांपुढे येतात. मी तुझ्याजवळ नाही याचं फार वाईट वाटतं.

तू विचारलंस म्हणून सांगते, इकडे सगळं छान आहे. पहिला माल वाटला आणि अगदी तू म्हटलीस तसंच झालं. लोक टोपलीशी येऊन उभे राहतात. मचाणं वाढवली. नावाड्यांचंही पक्कं झालं. त्यांनी सगळ्यांनी मिळून कागदावर लिहून दिलं की बारीक मासोळी या बायांचीच. अंगठे उठवले. नाकातो सध्या कामात असते, फारशी भेटत नाही. तुला नमस्कार सांगितलाय.

तू काळजी करू नकोस. जेवत जा. बाजार सोडू नकोस.

पूर्णा


पिपरबोडी
२ एप्रिल २००२

पूर्णास खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र मी पाळीवर तीनदा वाचून दाखवलं. अंगठे उठवले तिथं आल्यावर इंदुताईनं टाळी वाजवली. लटारू गेल्यावर पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

मग सगळ्या विचार करू लागलो. तिथल्या बायांना काल नाव नव्हतं, आज त्यांच्याजवळ कागद आहे. आणि आपण? सासवांच्या सासवांपासून आखरीचं जाळं आपलं, आणि हाती काय? नाकातोनं तुला विचारलं होतं ना, हक्क दिला कोणी? तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. उद्या मनसारामभाऊ सोसायटीचा अध्यक्ष राहिला नाही, दुसरा कोणी आला आणि नाही म्हणाला, तर कुणाच्या तोंडाकडे पाहायचं?

म्हणून ठरवलं. रामनवमी झाली की सोसायटीची सभा आहे. त्यात उभी राहून मागणार, की आखरीचं जाळं बायांचं, हे लिहून द्या. आम्ही गट पण काढला, अकरा जणी. पाळीवर बांबूची सहा मचाणं बांधणार. एकत्र माल, एकच भाव, आणि वडशाच्या पुढे ब्रह्मपुरीच्या बाजारातही बसायचं. पोरी पण आल्या. डिंपल म्हणून चंदाबाईची सून आहे, गेल्या उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली, ती तर आत्तापासून जाळ्या शिवून राहिली आहे.

विधवा बाई सभेत उभी राहते म्हणून काही जण हसतील. हसू दे. नाकातो पण विधवाच आहे, तिच्या नावाड्यांनी ऐकलं.

तूच हे सगळं दाखवलंस, पूर्णा.

तुझी बाई


जिंजा
४ मे २००२

प्रिय बाई,

तुझं पत्र आजच मिळालं, आणि आजच लिहायला बसले. रामनवमी होऊन गेली हे मला कळतं, पण सभा पुढे गेली असेल अशी आशा करते.

घाई करू नकोस. आहे ते बरं चाललं आहे. हातचं सोडून पळत्याच्या मागे का लागायचं? इथलं आणि तिथलं सारखं नसतं. इथल्या गोष्टी इथं होतात, त्या तिथं होतीलच असं नाही. मनसारामभाऊ चांगला माणूस आहे, त्याच्याशी घरी जाऊन बोल. सभेत नको.

मला नीट लिहिता येत नाही. एवढं ऐक.

पूर्णा


पिपरबोडी
१६ जून २००२

पूर्णास,

तुझं 'घाई करू नको' मिळालं. तोवर सगळं होऊन गेलं होतं. आधी लिहिलं असतंस तर, असं मी म्हणत नाही. पोस्टाला काय माहीत.

सभेत मी उभी राहिले. म्हटलं, "भाऊ, आखरीचं जाळं आमचं हाये, ते कागदावर लिहून द्या."

मनसारामभाऊ म्हणाला, "आतापरेंत तुले कोनी नाई म्हनलं का?"

"नाई म्हनलं नाई. पन उद्या कोनी म्हनलं त?"

तो म्हणाला, "वच्छलाबाई, जे लिहिलं नाई ते कोनी विचारत नाई वो. लिहिलं का विचारते. राहू दे तसंच."

मला राग आला. वाटलं, हा आपल्याला टाळून राहिला. मी म्हटलं, "आफ्रिकेत लिहून देते, अंगठे उठवते, आन् आपल्या गावात काऊन नाई?" मागून बायांनी पण आवाज दिला. सोसायटीतला पत्रू म्हणाला, "बायका मांगून राह्यल्या त घ्या लिहून, भाऊ. आपलं काय जाते?" शेवटी भाऊनं सभेच्या वहीत लिहून घेतलं आणि मी गुळाचा खडा वाटला.

पंधरा दिवसांनी जिल्ह्याचा साहेब तपासणीला आला. त्यानं ते वाचलं. म्हणाला, शेवटच्या जाळ्यात माल निघतो हे तुम्हीच लिहून दिलं. मग तो सोसायटीचा माल. फुकट कसा जातो? त्याचा लिलाव का नाही? भाऊ हात जोडून म्हणाला, "साहेब, तो रिवाज हाये जी." साहेब म्हणाला, रिवाज असता तर लिहायची गरज पडली नसती.

त्याचं काय चुकलं, सांग.

लिलाव झाला. आम्ही अकरा जणी मिळून गेलो, गळ्यातलं-कानातलं मोडून येईल तो पैसा धरून बोली लावली, पण बाहेरचा ठेकेदार आला होता. दोन बोल्यांत आम्ही खाली बसलो. रोहिणी लागल्या तेव्हा त्याच्या मजुरांनी आखरीचं जाळं ओढलं. ट्रक पाळीवर उभा. आम्ही सगळ्या रिकाम्या टोपल्या घेऊन बसलो होतो, यायचं नाही असं ठरवलं होतं तरी आलो. बांबूची मचाणं तशीच उभी. जाळ्यातून निसटलेली मासोळी चिखलात तडफडत होती. एका म्हातारीनं ती उचलायला हात घातला, तर ठेकेदाराचा माणूस काठी आपटून ओरडला. तिनं हात झटकला आणि पदराला पुसला.

जिनं टाळी वाजवली होती ती इंदुताई मला म्हणाली, "वच्छला, तुह्या कागदानं आमचं पोट कापलं वो." घरी जाताना कोणी माझ्याबरोबर आलं नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. पंधरा वर्षं कोणाच्या बापाला जे विचारावं लागत नव्हतं ते मी मागायला गेले, आणि मागितलं म्हणूनच गेलं.

पण एक दार अजून उघडं आहे. मनसारामभाऊ म्हणतो, दसऱ्यानंतर मोठी सभा आहे, जिल्ह्याचे साहेब येतील. दुसऱ्या ठिकाणी असं झाल्याचा पुरावा दाखवला तर तो बोलून पाहील. पूर्णा, नाकातोच्या नावाड्यांनी जो कागद दिला, त्याची झेरॉक्स काढून पाठव. भाषा कोणतीही असू दे, अंगठे तर दिसतील. नाही म्हणू नको. आमचं सगळं आता त्या कागदावर आहे.

बाई


जिंजा
११ जुलै २००२

बाई,

तसा कागद नाही. कधीच नव्हता.

पहिला माल वाटला त्याच्या पुढच्या रविवारी त्या विकायला बसल्या. आपल्या गावात पसाभर मासोळी घरी आली की लोकांना कळतं, ढिवरीण नवा हंगाम सुरू करते आहे. इथं काही फुकट वाटलं जातं ते चर्चकडून, नाहीतर परदेशी मदत म्हणून. लोकांना वाटलं, ही मदतीची मासोळी आहे आणि या बाया ती चोरून विकायला बसल्या. एका पोरानं टोपली उलटवली. नावाड्यांनी माल देणं बंद केलं, म्हणाले, फुकट मिळतं ते विकता आणि आमच्याकडे भाव करता. फादरनं ओसरी बंद केली. दोन आठवड्यांत सगळं संपलं. मचाणं कोणी जळणाला नेली. नाकातोचं मशीन गेलं ते गेलंच. ती आता एका खानावळीत भांडी घासते.

तुझा सल्ला चुकीचा नव्हता, बाई. तो आपल्या गावचा होता, इतकंच. मी तो उचलून इथं आणला आणि विचार केला नाही.

मी हे सगळं तुला लिहायला बसले होते, तेव्हाच भाऊजी गेल्याचं तुझं पत्र आलं. 'तिथं तरी काही उभं राहिलं असेल,' असं त्यात होतं. मग मी काय लिहायला हवं होतं? नावाड्यांचं पक्कं करून घ्या असं तू म्हटलंस, म्हणून मी लिहिलं की पक्कं झालं. अंगठे मी माझ्या मनाचे उठवले. तू त्याच्यावर गाव उभं करशील असं स्वप्नातही आलं नाही. मग तुझं एप्रिलचं पत्र आलं. तेव्हाही खरं लिहिलं नाही, 'घाई करू नको' एवढंच लिहिलं. तेव्हा लिहिलं असतं तरी पोहोचलं नसतं, पण हे मी स्वतःला समजावण्यासाठी म्हणते, तू ऐकू नकोस.

तुझं पत्र मी नाकातोला सांगितलं. तिनं विचारलं, तू माझ्याबद्दल काय लिहिलं होतंस? मी सांगितलं. हातातलं भांडं तिनं खाली ठेवलं नाही, घासतच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्या गावात मी अजून मोठी बाई आहे?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "तिथं जाऊन राहता आलं असतं तर."

बाई, मला शिव्या दे. पण लिही.

पूर्णा


खम्मम जिल्हा, आंध्र
२३ फेब्रुवारी २००३

पूर्णा,

आठ महिने तुला लिहिलं नाही. मुद्दामच. दोनदा कागद काढला आणि दोनदा चुलीत घातला.

आम्ही मिरची तोडायला आलो आहोत. संक्रांत झाली आणि ट्रक गावात आला. अकरापैकी नऊ जणी आलो. इंदुताई पण आहे, ती माझ्याशी कामापुरतं बोलते. सिरोंचाकडून गोदावरी ओलांडली. भाषा कळत नाही, मालक बोटानं ओळ दाखवतो, आपण वाकायचं. बोटं इतकी जळतात, की पेन धरताना कळ येते. डोळ्यांना हात लावायचा नाही हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं. वडशाच्या बाजारातली माझी जागा गेली. एक बाई भांडी विकते तिथं. माझ्या रिकाम्या पोत्यावर बसायला आता घरात माणूस नाही.

दसऱ्यानंतरच्या सभेत मी गेले नाही. मनसारामभाऊनं निरोप पाठवला, पुरावा आला का? मी सांगितलं, पोस्टात हरवला.

तुझ्यावर राग होता. आधी वाटलं, तू मला मूर्ख बनवलंस. मग वाटलं, तुला माझी दया आली होती, आणि दयेचा राग जास्त येतो. खरं लिहिलं असतंस तर मी रडले असते आणि बाजारात गेले असते. आखरीचं जाळं अजून आमचं असतं. नवरा मेलेल्या बाईला खरं सोसत नाही असं तुला वाटलं. मी लटारूला झाकून आणताना त्या गाडीत बसले होते, पूर्णा. तुझ्या नाकातोची मचाणं मोडली हे मला सोसलं नसतं का?

नाकातोला सांग, तिचं मशीन माझ्यामुळे गेलं. तिची माफी मागते. ती खानावळ बरी असेल तर धरून राहा म्हणावं, नवं काही सांगणार नाही मी तिला. मला आता कोणाला काही सांगायची भीती वाटते.

हे पत्र मी आज का लिहिते, ते सांगते. परवा दुपारी बांधावर जेवायला बसलो होतो. चटणी नको वाटते इथं, भाकर नुसती पाण्यात बुडवून खातो. डिंपल मला म्हणाली, "वच्छलाबाई, त्या नाकातोचं कसं चालू हाये जी? पत्र नाई आलं का?"

मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. तुझं जुलैचं पत्र माझ्यापुरतंच ठेवलं होतं. मला वाटलं, आता सांगून टाकावं, की कागद नव्हता, काहीच नव्हतं, आपण सभेत हवेवरच मागणं मांडलं. तोंड उघडलं, तर पाहिलं, सगळ्या जणींचे हात थांबले होते. इंदुताईचा पण.

मी म्हटलं, चांगलं चालू आहे. आता तिनं दुसऱ्या गावातही बाया बसवल्या. नावाडी तिला विचारल्याशिवाय पाण्यात जाळं टाकत नाहीत. बोलता बोलता मी किती सांगितलं, मलाच कळलं नाही. तू तर चार ओळींत आटपलं होतंस.

तू का लिहिलं होतंस ते मला तेव्हा समजलं. पण समजलं म्हणून राग गेला असं धरू नको. आधी तुझ्या एकटीचा येत होता, आता आपल्या दोघींचा येतो.

डिंपल खूश झाली. म्हणाली, "मंग बाई, आपलंच मांगनं कमी पडलं. अवंदा गावाले गेलो का पुन्ना सभेत उभं राहू. मी बोलतो या वेळेस. मले नाई डर लागत." पाठीवर पदरात बांधलेलं तिचं लेकरू झोपलं होतं. ती माझ्याकडे पाहत होती, मी काय म्हणते म्हणून.

मी हो म्हटलं.

वच्छला